पोटातलं पाणी

चपलांच्या दुकानातल्या माणसाने तिच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तेव्हा तिथे खड्डा पडला आणि तो भरून येईना. झालं एवढंच. तो गुडघे टेकून तिच्या पायात सँडल चढवत होता, पट्टा बकलापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्याने सवयीने पाय दाबून पाहिला होता. "संध्याकाळी चप्पल घेऊ नये, बाई," तो म्हणाला, "दिवसभरात पाय फुगतो. सकाळी या, हीच बसेल." तो हसला, तीही हसली, पण दोघंही त्या खड्ड्याकडेच बघत होते. मळलेल्या पिठात बोट रुतावं तसा तो खोल होता. काचेबाहेर माणसं चालली होती, सगळ्यांचे पाय आपापल्या चपलांत मावत होते. तिने मोजा वर ओढला, "सकाळी येते," म्हणाली आणि बाहेर पडली. सकाळी ती पाण्यात असते हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. अर्धं आयुष्य तिने तरण तलावात काढलं होतं, लोकांना पोहायला शिकवण्यात. मुलं तिला कोच म्हणत, मोठी माणसं कोचबाई, आणि नवरा लहर लागली की 'आमची मासोळी' म्हणे. पाणी म्हणजे आपल्या बाहेर असतं, आपण त्यात शिरतो आणि निघतो, अंग पुसतो आणि विषय संपतो, अशी तिची समजूत होती. आतही पाणी असतं आणि ते असं वाट चुकून घोट्याशी येऊन बसतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. घरी येऊन तिने दिव्याखाली नडगी दाबली. खड्डा. दुसऱ्या पायावर दाबली. खड्डा. नवरा दारात उभा राहून बघत होता. "काय करतेस?" त्याने विचारलं. "चुका काढतेय," ती म्हणाली. तो एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचा, चुका काढणं हा त्याचा धंदा. त्याला हा विनोद आवडला नाही.

डॉक्टर तिच्याहून बरीच लहान होती आणि घाईघाईने बोलायची, पण नजर चुकवत नव्हती. किडन्या गेल्यात, ती म्हणाली. गेल्यात. लाइट गेली, पाणी गेलं, तशा. गेल्या म्हणजे येतील परत, असं त्या शब्दातच कुठेतरी असतं, आणि ती क्षणभर त्या शब्दाला धरून बसली. मग डॉक्टरने विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का? घेत होती. खांद्यासाठी. पोहणाऱ्याचा खांदा कधी ना कधी कुरकुरतोच, त्यासाठी गोळी घ्यायची आणि पाण्यात उतरायचं, वर्षानुवर्षं, जेवणानंतर बडीशेप खावी तितक्या सहज. "त्यात रक्तदाबही वाढत गेला, तुम्हाला कळलं नाही," डॉक्टर म्हणाली. बोल लावण्याचा सूर त्यात नव्हता, त्यामुळे तिला जास्तच लागलं. नवरा खुर्चीच्या टोकाला बसला होता. तो एकदम म्हणाला, "माझी घ्या. माझी किडनी घ्या." त्याच्या तोंडावर असं काही होतं की तिने दुसरीकडे पाहिलं. लग्नाच्या आधी त्याने तिला मागणी घातली होती तेव्हाही तो असाच खुर्चीच्या टोकाला बसला होता आणि असाच एकदम बोलला होता. डॉक्टरने त्याच्या तपासण्या केल्या. साखर इतकी वाढलेली होती की त्याच्याच किडन्यांना जपायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची मिळेल तेव्हा मिळेल. तोवर काय करायचं ते ठरवायचं होतं.

दोन वाटा होत्या. एक, आठवड्यातून तीन सकाळी हॉस्पिटलात येऊन मशीनला जोडून घ्यायचं. रक्त बाहेर येणार, धुतलं जाणार, परत आत जाणार. सकाळ सोडून दुसरी वेळ मोकळी नव्हती. दुसरी, पोटात एक नळी कायमची बसवून घ्यायची, तिच्यातून घरच्या घरी पोटात औषधी पाणी सोडायचं, काही तास आत ठेवायचं, काढून टाकायचं, नवं सोडायचं. दिवसातून चार वेळा. रोज.

"आणि पोहणं?" तिने विचारलं.

"मशीनवर असाल तर पोहता येईल, थोडी पथ्यं पाळून. पोटात नळी असेल तर नाही. तलाव नाही, समुद्र नाही, टबसुद्धा नाही. त्या छिद्रातून जंतू आत गेले तर फार महागात पडतं."

म्हणजे सकाळ हवी तर पाणी नाही, आणि पाणी हवं तर सकाळ नाही. ती जिना उतरताना मनात हेच उलटसुलट करत होती. तीन सकाळी गेल्या तर तिचे वर्ग गेले, कारण तलावाचं सगळं आयुष्य सकाळचं असतं. उरलेल्या दिवशी ती एकटी पोहू शकेल, दुपारच्या रिकाम्या तलावात, निवृत्त माणसासारखी, मशीनच्या सुयांसाठी मनगटावर फुगवलेली शीर घेऊन. नुसतं पोहायचं. कुणाला शिकवायचं नाही. हे तिला एखाद्या मोठ्या, स्वच्छ, रिकाम्या घरासारखं वाटलं.

"मशीनच घे," नवरा घरी आल्यावर म्हणाला. "तिथे माणसं असतात, शिकलेली. इथे घरात आपण दोघं. एक चूक झाली तर?"

"चूक होऊ द्यायची नाही."

"असं कुणाला ठरवता येतं का? तीन-तीन माणसं वाचतात तरी पेपरात चूक जाते."

"पेपर तुम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता ना, तळाला, बारीक अक्षरात?"

"पोटात बारीक अक्षरात दुरुस्ती होत नाही," तो म्हणाला, आणि हे खरं होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुझी आई म्हणायची ते काही खोटं नाही. घर जळत असलं तरी हिच्या पोटातलं पाणी हलत नाही." ती हसायला लागली. तो काय बोलून गेला ते त्याच्याही लक्षात आलं, आणि त्याला हसू फुटलं, पण डोळे भरलेले होते. हसता हसताच तिने ठरवलं. नळी.

नळी बसवून जखम भरल्यावर एक वयस्कर सिस्टर तिला शिकवायला लागली. रबरी बाहुलीचं पोट होतं, तिच्यावर आधी सराव करायचा. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडावर मास्क, हात बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, मनगटाच्या वरपर्यंत धुवायचे. टोपण काढलं की जोडणी होईपर्यंत त्या टोकाला कशाचाही स्पर्श नाही, श्वासाचाही नाही. तिला सगळं पहिल्या दिवशीच जमलं, कारण श्वास रोखून धरणं हे तिचं जुनंच काम होतं. पण जमलं तरी तिला स्वस्थ बसवेना. पाणी आत सोडलं, ते तिथे पडून राहिलं, आणि रक्त स्वच्छ झालं, हे कसं? मशीन नाही, पंप नाही, काही हलत नाही.

"आतड्यांवरून आणि पोटाच्या भिंतीवरून आतून एक पातळ अस्तर असतं," सिस्टर म्हणाली. "त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. त्यांच्या आत रक्त, बाहेर आपण सोडलेलं पाणी. मधे एवढीशी भिंत. रक्तात घाण दाटलेली, पाण्यात अजिबात नाही. मग ती जास्तीकडून कमीकडे चालायला लागते."

"ढकलतं कोण?"

"कोणी नाही. ते कण काही जागेवर बसून राहत नाहीत, सारखे इकडून तिकडे धडपडत असतात. दाटी असते तिथून जास्त बाहेर पडतात, मोकळं असतं तिथून कमी परततात. दोन्हीकडे सारखं झालं की संपलं. म्हणून पाणी बदलायचं."

"मग रक्तातलं चांगलंही जात असेल."

"जातं ना. म्हणून अंडी खायची, डाळी खायच्या, कंटाळा करायचा नाही. रक्ताच्या पेशी तेवढ्या जात नाहीत, त्या जाड्या, दारातून मावत नाहीत."

"आणि पायातली सूज?"

"तिला साखर. ह्या पिशवीतलं पाणी गोड असतं. गोडाकडे पाणी ओढलं जातं." सिस्टरने पिशवी हातात तोलली. "दोन लिटर आत घालता आणि जास्ती बाहेर येतं, बघाल तुम्ही. ते जास्तीचं म्हणजे तुमची सूज."

नंतर डॉक्टरने त्यात एक भर घातली, आणि ती भर तिच्या मनात घर करून बसली. त्या रक्तवाहिन्यांच्या पेशींना काही दारं अशी असतात, डॉक्टर म्हणाली, की त्यांतून फक्त पाणीच जातं. मीठ नाही, साखर नाही, दुसरं काही म्हणजे काही नाही. पाण्याचा एकेक कण, एकामागून एक, ओळीने. ती त्या रात्री... नाही, रात्री तिला झोप चांगली लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी, पहिल्यांदा स्वतःच्या पोटात पाणी सोडून खिडकीशी बसलेली असताना, ती त्या ओळींचा विचार करत होती. पोट जड होतं, तटतटलेलं, कोमट. आत काही जाणवत नव्हतं, आणि तरी या क्षणी आत काहीतरी चाललेलं होतं, तिच्या परवानगीची वाट न बघता. तिला समुद्र आठवला. एकोणिसाव्या वर्षी ती लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरली होती, वडील सोबतच्या होडीत. दुपार होईतो खारं पाणी इतकं तोंडात गेलं की जीभ सुजून तोंडात मावेना, ओठ जाड, घसा चिरलेला. भोवती क्षितिजापर्यंत पाणी आणि तहानेने जीव जातोय. वडील काठीला बांधून गोड पाण्याची बाटली पुढे करत, ती उताणी होऊन दोन घोट घेई, निम्मं ओकून टाकी. वडील ओरडले, "पुरे झालं, वर ये." तिने मान हलवली. बोलता येत नव्हतं. ते पुन्हा ओरडले, मग शिव्या दिल्या, मग रडले, आणि ती हात मारत राहिली. सगळ्यात शेवटी पोचली. बक्षीस देणारी माणसं घरी निघून गेली होती. मीठ पाण्याला ओढतं हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं, जिभेने ते सांगितलं होतं, पण तिला त्या दिवसातलं आठवत राहिलं ते एवढंच, की हात दुखत होते तरी पुढचा हात पडत होता. कुणी ढकलत नव्हतं.

घरात एक खोली त्या पिशव्यांनी भरली. पडद्याच्या दांडीशेजारी भिंतीत नवऱ्याने एक आकडा ठोकून दिला, भोकं पाडून पाडून भिंतीची चाळणी केली तेव्हा कुठे तो नीट बसला. पण पाणी बदलायची वेळ आली की तो गॅलरीत जाई. त्याला बघवत नसे. काचेतून त्याची पाठ दिसे, आणि त्या पाठीवरून कळे की तो वाट बघतोय. पहिल्या दिवसांत तिलाही स्वतःच्या पोटातून निघालेल्या त्या नळीकडे बघताना, कुणीतरी आपल्यात काहीतरी विसरून गेलंय असं वाटे. महिन्याभरात नडग्या पुन्हा नडग्यांसारख्या दिसायला लागल्या. भूक लागायला लागली. अंडी खाऊन खाऊन तिला वीट आला. आणि मग एका सकाळी ती तलावावर गेली.

व्यवस्थापक चांगला माणूस होता, म्हणूनच अवघड होतं. "मॅडम, तुम्ही या, बसा, चहा घ्या, तलाव तुमचाच आहे," तो म्हणाला. "पण पाण्यात उतरता न येणारी पोहण्याची शिक्षिका? उद्या कुणी गटांगळी खाल्ली तर?"

"लाइफगार्ड आहे ना."

"असतो. पण तुम्ही आजवर सगळ्यांना हात देऊन शिकवलंत. पाठीखाली हात धरून. काठावर उभं राहून कुणी पोहायला शिकवतं का? तोंडाने?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "बघू या. मोठ्यांचा वर्ग द्या. उथळ बाजू. लाइफगार्ड पाण्यात राहील, मी बाहेर. महिनाभर. नाही जमलं तर मी स्वतः सांगेन."

त्याने पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली. "तुम्ही ऐकणार नाही," तो म्हणाला. हे काही विचारणं नव्हतं.

मोठ्यांच्या वर्गात पाचसहा जण होते आणि त्यांत एक हेडबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, साठी उलटलेली, आवाज असा की तलावाच्या दुसऱ्या टोकाची मुलं पळायची थांबत. "जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं," त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "हे एक शिकायचं राहिलं. मला शिकल्याशिवाय मरायचं नाही." पण पाण्यात उतरल्या की त्या काठाची दांडी धरत, आणि मग काही केल्या सोडत नसत. छातीपर्यंतच्या पाण्यात, दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईतो. बाकीचे हळूहळू फळी धरून पाय मारायला लागले. हेडबाई दांडीलाच. ती काठावर उकिडवी बसून त्यांच्याशी बोले, पोटातलं पाणी मांड्यांवर दाबलं जाई, कोरडे कपडे अंगावर परक्यासारखे वाटत. तिला सारखं वाटे की उतरावं, त्यांच्या पाठीखाली नुसता तळहात धरावा, एका मिनिटात काम होईल. तळहाताला आठवण होती. किती पाठी त्याने पेलल्या होत्या, ताठ, थरथरणाऱ्या, आणि मग एका क्षणी हलक्या होणाऱ्या. तो क्षण बोलण्यात कसा आणायचा? ती बोलत राहिली. मान सैल सोडा. छाती वर करा. वर बघा, छताकडे. हेडबाई म्हणत, "सांगायला काय जातंय! तुम्ही तिकडे कोरड्या!" आणि त्यांनाच हसू येई, पण हात सुटत नसत. लाइफगार्ड म्हणाला, मी धरतो त्यांना. हेडबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पलीकडच्या कोपऱ्यात निघून गेला.

तिसऱ्या आठवड्यात ते झालं. दुसऱ्या एका बाईच्या पायात गोळा आला, लाइफगार्ड तिला धरून पायऱ्यांकडे नेत होता. हेडबाईंनी त्याच क्षणी, कुणाला न सांगता, दांडी सोडून पाहिली. पाय घसरला. त्या उताण्या गेल्या, तोंडात पाणी गेलं, आणि ज्या पाण्यात त्या सहज उभ्या राहू शकल्या असत्या त्यात त्या बुडायला लागल्या. हात वर, हात खाली, केस पाण्यावर पसरलेले. तिने "पाय टेका!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. आठवलं ते गार पाणी, जे कपड्यांतून एकदम आत आलं, आणि पोटातलं ते कोमट, जड ओझं, जे त्या गारठ्यात वेगळं जाणवलं. तिने हेडबाईंना काखेतून धरून उभं केलं. त्या खोकल्या, रडल्या, म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला... तुम्हाला नको ना..." आणि तिच्या दंडाला इतकं घट्ट धरलं की निळे वळ उठले. पाणी छातीपर्यंत होतं. पाणी अप्रतिम होतं. हा विचार तिच्या मनात आला आणि तिने त्याला थारा दिला नाही. ती वर चढली, कपडे बदलले, छिद्राभोवतीची पट्टी सुटून लोंबत होती ती काढली, शिकवलं होतं तसं सगळं धुतलं, आणि सिस्टरला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "ताबडतोब इकडे या." तिथे नळी तपासली, पट्टी बदलली, गोळ्या दिल्या, आणि बजावलं: पोट दुखलं किंवा पाणी गढूळ आलं तर क्षणभर थांबायचं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. नवऱ्याने तिला एक शब्द विचारला नाही, आणि त्याचं न विचारणं घरभर कपाटासारखं उभं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोटात कळ आली, आधी बारीक, मग पिळणारी. तिने नळी उघडून पोटातलं पाणी पिशवीत सोडलं. पिशवी भरत गेली तशी ती बघत राहिली. एरवी फिकट सोनेरी असे. आज? पडद्यातून येणारा उजेड मळका होता, तिला ठरवता येईना, किंवा ठरवायचं नव्हतं. आजच्या आज पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा सुया, कदाचित नळीच काढून टाकणार, मग मशीन, मग सकाळ गेली. थोडं थांबून बघू, असं कुणीतरी तिच्या आत हळूच म्हणालं. तिने काचेवर टकटक केली. नवरा गॅलरीतून वळला. तिने त्याला आत बोलावलं.

तो दारात थबकला. मास्क लावला, हात धुतले, नखांखालून, मनगटाच्या वरपर्यंत. म्हणजे तो एवढे दिवस काचेतून शिकला होता. तिने त्याला सांगितलं की सिस्टरने एक युक्ती सांगितली आहे, छापील कागदावर पिशवी ठेवायची आणि अक्षरं वाचता येतात का बघायचं. त्याने कालचा पेपर जमिनीवर पसरला, पिशवी दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशी उचलून त्यावर ठेवली, आणि गुडघ्यावर बसून वाकला. मुद्रित तपासताना तो असाच वाकत असणार. तिने त्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्याचे ओठ हलत होते.

"मथळा दिसतोय," तो म्हणाला. "खालचं नाही. सगळं धुक्यात आहे."

"नक्की?"

"वाचता येत नाही म्हणजे येत नाही." त्याने वर पाहिलं. "चल, ऊठ."

ती पिशवी त्यानेच वाटेत मांडीवर घेतली होती.

हॉस्पिटलात त्यांनी औषध तिच्या पोटातच सोडलं, नव्या पाण्याच्या पिशवीत मिसळून. म्हणजे आता उलटी वाट, डॉक्टर म्हणाली. पाण्यात औषध दाट, रक्तात नाही, तर ते तिकडून इकडे येणार. त्याच अस्तरातून. तापात तिला त्याचं नवल वाटत राहिलं, की त्या दारांना येणारा कोण आणि जाणारा कोण याचं काहीच नसतं. जिथे कमी आहे तिथे ते जातं. पोट आठवडाभर आगीसारखं होतं. मग पाणी एकेक दिवस स्वच्छ होत गेलं. नवरा रोज सकाळी पेपर आणी, पिशवीखाली धरी आणि वाचून दाखवी. आधी मथळे, मग बातम्या, आणि शेवटी एक दिवस, खरंच, बारीक अक्षरातली चूकदुरुस्ती. त्या दिवशी डॉक्टर येऊन बसली. "नळी वाचली," ती म्हणाली. "पण आता पुन्हा विचार करा. मशीनवर गेलात तर पाण्यात उतरता येईल. तुम्हाला उतरल्याशिवाय राहवत नाही, हे दिसलंच."

नवऱ्याने काही म्हणू नये म्हणून ती त्याच्याकडे वळली, तर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू म्हणशील ते. पाणी बदलायचं मलाही येतं आता."

तिने खूप विचार केला असं म्हणता येणार नाही. ते गार पाणी तिला आठवलं, कपड्यांतून आत आलेलं, आणि ते किती चांगलं होतं ते. ते तसंच चांगलं राहणार होतं, तिच्याशिवाय. "नळीच," ती म्हणाली. "आणि उडी मारायला नको होती, हे मी व्यवस्थापकांना सांगेन. ओरडायला हवं होतं. ओरडायचं मला शिकायचंय."

व्यवस्थापकाने तिचं सगळं ऐकून घेतलं. मोठ्यांच्या वर्गाच्या वेळी आता दोन लाइफगार्ड राहतील, त्याने सांगितलं, आणि एक कायम उथळ बाजूला, दोन हातांच्या आत. ती बोलली की त्याने हलायचं. ती हलायची नाही. "मंजूर?" "मंजूर." मग तो म्हणाला, "त्या हेडबाई मात्र येईनाशा झाल्यात. त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यामुळे आजारी पडलात." तिने त्यांचा नंबर घेतला आणि तिथूनच फोन लावला. हेडबाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "माझं वय झालंय, कोचबाई. काही गोष्टी राहतात माणसाच्या." ती म्हणाली, "हजेरी लावली नाहीत तर मी घरी येईन." पलीकडून एक हुंदका आला किंवा हसणं, फोनवर कळत नाही.

सकाळी तलावाच्या काचांतून ऊन तिरपं येत होतं, तळाच्या फरशांवर उजेडाची जाळी हलत होती. हेडबाई पाण्यात उतरल्या, दांडी धरली. लाइफगार्ड त्यांच्यापासून दोन हातांवर उभा राहिला, हात पाठीमागे. ती काठावर उभी राहिली, उकिडवी बसली नाही. "आधी पाय टेका," तिने सांगितलं. "टेकले? आता उचला. आता परत टेका. बुडालात तर काय करायचं?"

"पाय टेकायचे," हेडबाई म्हणाल्या.

"मोठ्याने."

"पाय टेकायचे!" तलावभर आवाज घुमला. पलीकडची मुलं दचकून थांबली.

मग तिने त्यांना पाण्यात मागे रेलायला लावलं. दांडी एका हाताने. मान सैल. त्या रेलल्या, ताठ झाल्या, उभ्या राहिल्या. पुन्हा रेलल्या. ती बोलत होती, सावकाश, एकाच सुरात, छातीत हवा भरून घ्या, छत बघा, छताला किती दिवे आहेत ते मोजा, आणि तिला दिसत होतं की हेडबाईंचं डोकं मागे जातंय, कपाळ ओलं, केस पाण्यात उलगडताहेत, कान बुडाले. कान बुडाले म्हणजे आता काही ऐकू जात नव्हतं. तिला हे ठाऊकच होतं, हजार वेळा तिने हे पाण्यातून पाहिलं होतं, पण तेव्हा तळहात खाली असे, ऐकू आलं नाही तरी चालत असे. ती गप्प झाली. लाइफगार्डने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही. हेडबाईंची बोटं दांडीवर पांढरी होती, मग गुलाबी झाली, मग एकेक करून सुटली. शेवटचं बोट बराच वेळ राहिलं. पाणी त्यांच्या हनुवटीशी आलं, गालांशी आलं आणि तिथेच थांबलं. त्या छताकडे बघत होत्या, ओठ हलत होते, मोजत असाव्यात. पोट वर आलं, पायाची बोटं वर आली. त्यांच्या पाठीखाली कुणीही नव्हतं.

मग त्यांना ते कळलं, आणि त्या घाबरल्या, आणि पाय टेकून उभ्या राहिल्या, डोळ्यांतलं पाणी पुसत, खोकत, लाल होऊन. त्यांनी मागे वळून पाहिलं. दांडी हाताला लागणार नाही इतकी दूर गेली होती.

"अहो," हेडबाई म्हणाल्या, "तुमचा आवाजच बंद झाला! मला वाटलं तुम्ही गेलात कुठे तरी."

"इथेच होते."

"मग बोलायचं ना! मी एकटी होते तिथे!"

"हो," ती म्हणाली. "आता परत."